मायची तारीख

इतवारीच्या भांडेबाजारात जाऊन चंपतराव कामडी कुठे बसतात असं विचारलं, तर दहातले नऊ जण नाही म्हणून मान हलवतील. ‘नाववाले काका’ म्हणा, की हातठेलेवालासुद्धा ठेला न थांबवता नुसत्या हनुवटीनं दुकान दाखवेल. जवळपास सगळं आयुष्य या माणसानं एका भांड्यांच्या दुकानाच्या पायरीवर, गोणपाटाच्या घडीवर बसून, भांड्यांवर लोकांची नावं घालण्यात काढलं. आधी छिन्नी-हातोडीनं; पुढे विजेचं मशीन आलं, तेव्हा कुरकुरत मशीननं. मशीनला अक्षराची माया नसते असं त्यांचं मत होतं. पण वेळ वाचतो हे नाकारण्याइतके ते हट्टी नव्हते.

लग्नाची भांडी येत, बारशाच्या वाट्या येत. पण खरं काम तेरवीचं. माणूस गेलं की तेराव्याला लेकीबाळींना, नातलगांना भांडं द्यायचं. कोणी गंज देतो, कोणी डबा, ज्याची ऐपत नाही तो पेला. त्यावर गेलेल्याचं नाव आणि गेल्याची तारीख. माणूस जातं आणि त्याच्या नावाचा डबा दुसऱ्याच कुणाच्या मांडणीवर तूरडाळ सांभाळत बसतो. अर्ध्या नागपुरातली मेलेली माणसं अशी चंपतरावांच्या हाताखालून गेली. त्यांना त्याचं सोयरसुतक नव्हतं, पण एका गोष्टीचा मात्र भारी राग होता. गिऱ्हाईक नाव सांगायचं आणि तारखेपाशी अडायचं. मग फोन लावायचं, घरच्यांना विचारायचं, घरचे आपसात भांडायचे.

“बापाची तारीख घरी विसरून आले काय गा?” चंपतराव हातातलं मशीन बंद करून विचारत. “त्यानं तुमची जन्मतारीख कधी विसरली होती?”

गिऱ्हाईक ओशाळं व्हायचं. शेजारचा दुकानदार हसायचा. आणि चंपतराव मान खाली घालून पुन्हा मशीन सुरू करायचे. कारण असं टाकून बोलणाऱ्या या माणसाला स्वतःच्या जन्मदात्या आईची तारीख ठाऊक नव्हती. दिव्याखाली अंधार म्हणतात, तो हाच.

आई गेली तेव्हा ते अंगावर पीत होते, इतकंच त्यांना माहीत. वडिलांनी वर्षभरात दुसरं लग्न केलं, आणि आलेली मीराबाई इतकी चांगली निघाली की घरात ‘सावत्र’ हा शब्द कधी उच्चारायची वेळच आली नाही. चंपतराव तिलाच माय म्हणाले. तिच्या भावांना मामा म्हणाले, उन्हाळ्याच्या सुट्टीत तिच्याच माहेरच्या आंब्यांवर दगड मारले. पहिलीबद्दल विचारायचं त्यांच्या ओठावर अनेकदा आलं, पण मीरामायच्या जिवाला काय वाटेल, या एका भीतीनं त्यांनी ते गिळलं. बाप मुळातच घुम्या. तो लवकर गेला, आणि जाताना जे काही माहीत होतं ते सोबत घेऊन गेला. मागे राहिलं ते फक्त नाव. प्रयागबाई.

तारीख हरवायला आणखी एक कारण होतं. नवऱ्याच्या आधी गेलेल्या बायकांचं पान पित्रपाटात अविधवा नवमीला वाढतात. कोणी उन्हाळ्यात गेलेली असो की हिवाळ्यात, सगळ्यांची नवमी एकच. सगळ्या सवाष्णी एका पंगतीला बसवल्या, की कोणाची तारीख कोण कशाला लक्षात ठेवतो? कामड्यांच्या घरीही नवमीला पान वाढलं जाई, प्रयागबाईचं नाव घेतलं जाई, आणि तारखेवाचून कधी काही अडलं नाही.

गेल्या वर्षी मीरामाय गेली. पिकलं पान होतं, पण चंपतराव लेकरासारखे रडले. तेरवीचे गंज त्यांनी दुसऱ्या कुणाला करू दिले नाहीत. पायरीवर बसून सगळ्या गंजांवर छिन्नीनं नाव घातलं. तेरवीच्या जेवणात एक दूरची म्हातारी हातातला गंज फिरवून पाहत म्हणाली, “चांगलं केलं बाप्पा. आता एखाद्या भांड्यावर पहिलीचंही नाव घाल. बिचारीचं कुठंच नाव नाही.”

ते वाक्य चंपतरावांच्या काळजात काट्यासारखं रुतून बसलं. त्यात उजवा हात थरथरायला लागला होता. धंतोलीच्या डॉक्टरनं हात पुढे करायला लावला, बोटं पाहिली आणि सांगितलं, काका, हे वाढत जाईल, गोळीनं थोडं थांबेल. म्हणजे हात सांगितलेलं ऐकतोय तोवरच काय ते व्हायला हवं होतं. त्यांनी दुकानातून एक चांगलं जाड काठाचं ताट घरी आणून ठेवलं. नाव घालायचं तर तारखेसकट. बिनतारखेचं काम त्यांनी उभ्या जन्मात केलं नव्हतं, ते आईच्या वेळी करणार?

नात पिंकी कॉलेजात दुसऱ्या वर्षाला. तिच्याकडे स्कूटी होती आणि आजोबांसाठी वेळही होता. फुकट नाही, परतीच्या वाटेवर तर्री-पोहे कबूल करून. दोघं आधी कळमेश्वरला गेले, कारण कामड्यांचं गाव उमरझरी त्या बाजूला. जुन्या काळी गावात कोण जन्मलं, कोण मेलं हे कोतवाल ठाण्यात जाऊन सांगायचा, आणि तिथं ते लिहून घेतलं जायचं. ती कोतवाल बुकं आता तहसिलीत असतात. एरवी लोक त्यातून जातीच्या दाखल्यासाठी आजा-पणजाची नक्कल काढतात. चंपतरावांनी अर्ज केला: प्रयागबाई, पती अमुक, मौजा उमरझरी. थोड्या दिवसांनी उत्तर मिळालं, नाव नाही. तिथल्या बाबूनं आपणहून मागची-पुढची वर्षंही चाळली होती. नाही म्हणजे नाही.

“गावात मेली नसन तर नागपुरात मेली असन,” चंपतरावांनी अंदाज बांधला. “दवाखान्यात नेली असन. मंग पेपरात आलं असन.”

पिंकीनं कपाळाला हात लावला, पण वाचनालयात घेऊन गेली. तिथं चंपतरावांच्या जन्मसालातले पिवळे पडलेले पेपर काढून दोघं निधनवार्ता वाचत बसले. वकील गेले होते, मालगुजार गेले होते, कापसाचे व्यापारी गेले होते. एका ठिकाणी होतं, अमुक मालगुजार यांच्या सुशील व धर्मपरायण पत्नी यांचे अल्पशा आजाराने निधन. पिंकीनं ते दोनदा वाचलं.

“पण हिचं नाव काय होतं, आबाजी?”

चंपतरावांनी चष्मा पुसून पाहिलं. नवऱ्याचं नाव होतं, सासऱ्याचं होतं, इस्टेटीचं गाव होतं. बाईचं नव्हतं.

“मी तं नावाशिवाय ऑर्डरच घेतली नसती,” ते म्हणाले, आणि उगाच त्या अनोळखी बाईसाठी हळहळले. जिच्या नवऱ्याची मालगुजारी होती तिची ही गत, मग उमरझरीच्या कुणब्याच्या बायकोला पेपरात कोण विचारतो?

त्या संध्याकाळी घरी आल्यावर ते पलंगावर आडवे झाले. बायको सरिताबाई जमिनीवर बसून मेथी निवडत होत्या. नवरा दोन महिने तोंड पाडून हिंडतोय हे त्या पाहत होत्या, पण विचारल्याशिवाय बोलायचं नाही असं त्यांनी ठरवलं होतं. शेवटी त्यांनाच राहवलं नाही.

“काय जी, तुम्ही तिले शोधून कुठं राहिले?”

“उमरझरीत. आन् आता नागपुरात.”

“पहिलं बाळंतपण होतं ना तिचं?”

“हो. माहंच.”

“मंग ते सासरी होते काय? तुमच्या लेकीचं कुठं झालं? याच पलंगावर झालं ना? माणसाले इतकं कळू नये?”

चंपतराव उठून बसले. पहिलटकरीण माहेरी जाते. जगाला ठाऊक असलेली गोष्ट, पण दोन महिने त्यांच्या डोक्यात शिरली नव्हती, कारण बाळंतपण हा प्रांतच पुरुषांचा नव्हे.

“आन् नाव कोणतं लिहून दिलं?” सरिताबाईंनी मेथीची जुडी बाजूला ठेवली.

“प्रयागबाई.”

“ते सासरचं. लग्नात ठेवलेलं. तुम्हीच नाही का तांदळात अंगठी फिरवून माहं नाव लिहिलं होतं? सत्यभामा होती मी. तुम्ही म्हणले लांब पडते, जोडाक्षर आहे, भांड्यावर बसत नाही. केली मले सरिता.” त्या हसल्या, पण हसणं पुरतं डोळ्यांपर्यंत पोचलं नाही. “उद्या माह्या माहेरी कोणी सरिता विचारत गेलं, तर गाव म्हणन अशी कोणी पोरगीच नव्हती.”

ज्या रिवाजानं आई हरवली, तो चंपतरावांनी स्वतःच्या हातानं, अगदी वळणदार अक्षरात पाळला होता.

खऱ्या आजोळाचं गाव बोरडोह, सावनेरच्या पलीकडे, एवढं त्यांना ऐकून माहीत होतं. पण तिथं ते कधीच गेले नव्हते. आजा गेल्यावर येणं-जाणं तुटलं. एकुलता मामा कोळशाच्या खाणीत कामाला लागला, तोही मागे वारल्याचं कानावर आलं होतं. तरी दिवाळी सरल्यावर आजा-नात एसटीनं सावनेरला आणि तिथून ऑटोनं बोरडोहला पोचले. दोन्हीकडे कापसानं पांढरी झालेली वावरं, आणि घराघरांसमोर वेचलेल्या कापसाचे ढीग. पाराजवळच्या माणसांना आज्याचं नाव सांगितलं, तेव्हा ती म्हणाली, दादाजी गायधन्यांचं आता कोणी उरलं नाही, पण त्यांची धाकटी लेक गावातच दिली होती. कुसुमताई. ते पाहा, निंबाखाली बसली ते.

कुसुमताई बाजेवर उन्हात बसून सुपात तीळ पाखडत होत्या. चंपतरावांनी नाव सांगितलं, बापाचं सांगितलं, गाव सांगितलं. म्हातारीचं सूप थांबलं. तिनं त्यांना वरपासून खालपर्यंत पाहिलं, आणि सत्तरीला टेकलेल्या, टक्कल पडलेल्या माणसाला विचारलं, “वेणूचं लेकरू काय रे तू?”

वेणू. चंपतरावांनी हे नाव किती भांड्यांवर घातलं असेल, देव जाणे. ते आपल्या आईचं असेल असं त्यांच्या हाताला कधी जाणवलं नाही. ते तिथंच, मातीत, मावशीच्या पायाशी बसले. पिंकीनं हाताला धरून बाजेवर बसवायला पाहिलं, पण ते उठेनात.

कुसुमताई तेव्हा सात-आठ वर्षांची होती. तिला सगळं आठवत नव्हतं, पण जे आठवत होतं ते सणसणीत होतं. वेणू बोरीच्या झाडावर चढायची. लग्न ठरल्यावरही चढली, म्हणून मायनं तिला झोडपलं. सासरहून पहिल्यांदा आली तेव्हा हसून हसून लोळत होती.

“मले म्हणे, कुसुम वं, थ्या घरी मले प्रयागबाई म्हणून बोलावतेत. मी मागं वळून पाहते, का कोण म्हातारी आली.”

पिंकी खुदकन हसली. मावशीही हसली. मग पदर डोळ्याला लावून म्हणाली, “तू झाला, आन् हप्त्याच्या आत ताप भरला तिले. आम्ही दोघी एकाच गोधडीत निजत होतो. सकाळी मले दुसऱ्या घरी नेलं. तुले कापसाच्या बोळ्यानं बकरीचं दूध पाजलं म्या. तुह्या बापानं तुले नेलं, तं चार दिवस जेवली नाही मी.”

“कधीची गोष्ट हे, मावशी? दिवस कोणते होते?”

“संक्रांत तोंडावर होती. मायनं तीळ धुऊन वाळत टाकले होते. ते तसेच राहिले.”

चंपतरावांची शाळेतली जन्मतारीख एक जुलै. तीच धरून ते उन्हाळा-पावसाळ्यात आईला शोधत होते. सावनेरच्या तहसिलीत त्यांनी ही चूक कबूल केली, तेव्हा तिथला बाबू जोरात हसला. “अजी काका, अर्धा विदर्भ एक जुलैलेच जन्मला आहे. मास्तर लोकांची मेहरबानी.” पण अर्ज त्यानं नीट लिहून घेतला: वेणू, बाप दादाजी, मौजा बोरडोह, महिना जानेवारी. आठवड्यानं बोलावलं.

त्या दिवशी खिडकीशी तो बुक उघडूनच उभा होता. पानं इतकी जीर्ण, की तो बोटाऐवजी पोस्टकार्डानं उलटत होता. जन्माच्या पानावर चार जानेवारीला एक नोंद होती, नुसतं ‘लडका’, बापाचं नाव, साकीन उमरझरी. तो लडका समोर काठी टेकून उभा होता. मग बाबूनं मृत्यूचं पान काढलं आणि अक्षर लावत वाचलं.

“वेणू. बाप दादाजी. तारीख बारा जानेवारी. कारण, जचकी, म्हणजे बाळंतपण. वय सतरा.”

“किती?” चंपतरावांनी विचारलं.

“सतरा, काका.”

“पुन्हा पाहा बरं.”

बाबूनं बुक फिरवून त्यांच्यासमोर धरलं. शाईनं लिहिलेले दोन आकडे होते, त्यात चुकायला जागा नव्हती.

बाहेर व्हरांड्यात पिंकी मैत्रिणीशी फोनवर भांडत होती. प्रॅक्टिकलची वही कोणी नेली यावरून तिचा आवाज चढला होता, एका हातानं ती वेणीचं टोक पिळत होती, आणि मध्येच कशाला तरी हसत होती. पिंकीला नुकतीच एकोणीस वर्षं पूर्ण झाली होती. चंपतराव तिच्याकडे पाहतच राहिले. जन्मभर त्यांनी आईचा विचार केला तो एक मोठी, डोक्यावर पदर घेतलेली, शहाणीसुरती बाई म्हणून. प्रयागबाई. तिनं आपल्याला सोडून जायला नको होतं, असा एक लहान मुलाचा रुसवाही त्यांच्या मनात कुठंतरी म्हातारा झाला होता. आणि ती होती ही एवढी. पिंकीपेक्षा दोन वर्षांनी लहान. झाडावर चढणारी. तिलाच कोणीतरी सांभाळायला हवं होतं. चंपतरावांना आईची आठवण येऊन रडू आलं नाही. आपल्या घरातली लहान पोरगी गेल्यावर यावं, तसं आलं. बाबूनं खुर्ची पुढे सरकवली.

ताटावर नाव घालायला त्यांना तीन दुपारी लागल्या. हात एका रेघेपुरता स्थिर राही, मग थांबावं लागे. मशीन त्यांनी घेतलं नाही. वर ‘वेणू’, खाली तारीख.

“निदान बाई तं लावा,” सरिताबाई म्हणाल्या. “सासू होती माही.”

“सतरा वर्षाच्या पोरीले बाई काहून लावू?” चंपतराव म्हणाले.

बारा जानेवारीला ऋषिकेशनं, म्हणजे त्यांच्या मुलानं, पहाटेच गाडी काढून कुसुममावशीला बोरडोहहून आणलं. सरिताबाईंनी सगळं रीतसर केलं होतं: कढी, वडे, गवारीची भाजी, खीर, पुरण. नव्या ताटात पान वाढलं. नाव वड्यांखाली झाकू नये म्हणून चंपतरावांनी वडे स्वतः सरकवले. मावशीला अक्षर येत नव्हतं. तिनं नाव कुठं आहे विचारून त्यावरून नुसतं बोट फिरवलं.

हात जोडायचे तेवढ्यात पिंकी बाहेरून आली. तिच्या हातात प्लास्टिकच्या पिशवीत गुपचुपच्या पुऱ्या होत्या, चौकातल्या ठेल्यावरच्या, आणि वेगळ्या पिशवीत हिरवं तिखट पाणी.

“हे काय वं?” सरिताबाई दचकल्या. “पित्राच्या पानावर गुपचुप?”

“आजी, सतरा वर्षाची आहे ते. कढी-वडे पाहून पळून जाईन,” पिंकी म्हणाली, आणि कोणी नको म्हणायच्या आत तिनं खिरीशेजारी पुऱ्या मांडल्या.

सरिताबाईंनी नवऱ्याकडे पाहिलं. सोवळ्या-ओवळ्याला, रीतीभातीला एवढा जपणारा माणूस. आता हा पोरीला झापणार, असं त्यांना वाटलं. पिंकीलाही तसंच वाटलं असावं, कारण पाण्याची पिशवी उघडता उघडता तिचा हात थबकला.

चंपतरावांनी ताटातल्या पुऱ्या पाहिल्या. त्यातली एक फुटकी होती, ती उचलून बाजूला ठेवली, आणि पिशवीतली एक चांगली, टम्म फुगलेली निवडून तिच्या जागी ठेवली.

“पाणी आताच नको भरू वं,” ते म्हणाले. “ते पोरगी येईपर्यंत मऊ पडतीन.”